कोणाचं चालतंय, कोणाचं नाही?

दिल्लीतल्या लक्ष्मीनगरच्या गल्ल्यांत, नेहरू प्लेसच्या वरच्या मजल्यांवर, नोएडाच्या सेक्टर २ मध्ये, गुरुग्रामच्या उद्योग विहारात छोट्या ऑफिसांची दाटी आहे. पाच-दहा माणसं, तेवढेच संगणक, एक प्रिंटर, एक भाड्याने आणलेलं झेरॉक्स मशीन, टॅलीचा डेटा ठेवलेला एक संगणक आणि कोपऱ्यात इंटरनेटवाल्याने लावून दिलेला राउटर. आयटी विभाग वगैरे काही नसतो. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं ३बी भरायचं असतं, जुलैअखेर आयकर विवरणपत्रांची धांदल असते आणि नेमकी त्याच दिवशी हाक येते, ‘भैया, प्रिंटर ऑफलाइन दिखा रहा है!’ मग जो तो आपापल्या परीने कामाला लागतो. एक जण प्रिंटर बंद-चालू करतो, दुसरा राउटरची पिन काढतो, तिसरा ड्रायव्हर उडवून पुन्हा टाकतो. तासाभराने कागद बाहेर येतो. कशाने बिघडलं होतं आणि कशाने सुधारलं, हे कोणालाच कळलेलं नसतं, म्हणून पुढच्या आठवड्यात तेच नाटक पुन्हा होतं.

अशा ऑफिसांची नेटवर्क सांभाळणं हे माझं काम आहे, आणि हे चित्र मला फार खटकतं, कारण यातला बहुतेक वेळ वाचवता येतो. सगळ्यांनी मिळून वापरायचं यंत्र स्वतः क्वचितच बिघडतं. बिघडते ती त्याच्यापर्यंत जाणारी वाट. त्यामुळे कशालाही हात लावण्याआधी खोलीभर फिरून एकच विचारायचं: कोणाचं चालतंय आणि कोणाचं नाही? कोणाचंच चालत नसेल तर दोष प्रिंटरपाशी, त्याच्या वायरीत किंवा मधल्या स्विचमध्ये असतो. एकट्याचंच अडलं असेल तर त्या एका संगणकावर शोधायचं. अर्ध्या खोलीचं चालतंय आणि अर्ध्या खोलीचं नाही, असं असेल तर नेटवर्कचेच दोन तुकडे झालेले असतात. सकाळी चालतं आणि दुपारी चालत नाही, असं कोणी म्हणालं तर मी आधी पत्त्यांकडे वळतो. ड्रायव्हरला हात लावायची वेळ बऱ्याचदा येतच नाही.

यंत्र एक आणि वापरणारे अनेक, ही अडचण नेटवर्कइतकीच जुनी आहे. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. तिथे तयार होत असलेले टेबलावरचे संगणक एकमेकांना आणि नव्या लेझर प्रिंटरला जोडायचे होते, हे त्यामागचं एक ठळक कारण होतं. आज आपल्या भिंतीवरून गेलेली निळी किंवा करडी वायर त्याच वंशातली.

आता ऑफलाइन म्हणजे काय, ते बघू. इथे दोन प्रकारचे प्रिंटर असतात आणि त्यांची दुखणी वेगवेगळी. पहिला प्रकार केवळ यूएसबीचा. एचपीचा लेझरजेट १०२० हा त्याचा जुना नमुना. त्याचं १२ए टोनर पुन्हा भरून देणारे नेहरू प्लेसमध्ये अजूनही सहज सापडतात. या प्रिंटरला नेटवर्कची वायर लावायची जागाच नाही. तो अकाउंटंटच्या संगणकाला जोडलेला असतो आणि तो संगणक हा प्रिंटर इतरांना वाटून देतो. म्हणजे इतरांना दिसतो तो खरं तर अकाउंटंटचा संगणक. तो बंद असला, झोपी गेला किंवा त्याचं नाव बदललं, की प्रिंटर धडधाकट असूनही सगळ्यांसाठी नाहीसा होतो. लेझरजेट १०२०ची आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. चालू झाल्यावर त्याला आपला अंतर्गत प्रोग्राम दर वेळी संगणकाकडून मागून घ्यावा लागतो. म्हणून राउटरच्या मागच्या यूएसबी खाचेत तो लावून ‘आता हा नेटवर्क प्रिंटर झाला’ असं समजणाऱ्यांची सहसा निराशा होते. असा प्रिंटर वापरायचा तर ज्या संगणकाला तो जोडला आहे त्याची झोप सेटिंगमधून बंद करावी आणि तो सकाळी सर्वांत आधी सुरू करावा.

दुसरा प्रकार खऱ्या नेटवर्क प्रिंटरचा. त्याला स्वतःची वायर किंवा वाय-फाय असतं आणि स्वतःचा पत्ता असतो, म्हणजे १९२.१६८.१.५ असा आयपी क्रमांक. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. तेच आकडे लक्ष्मीनगरात असतात, ठाण्यात असतात आणि टोरोंटोतही असतात. घराबाहेर त्यांना काही अर्थ नाही, पण एका ऑफिसात एक पत्ता एकाच यंत्राचा असला पाहिजे. दिल्लीत एकाच वस्तीत दोन ‘गली नंबर ५’ असल्या की कुरिअरवाल्याचं जे होतं, तेच एका पत्त्यावर दोन यंत्रं बसली की छपाईच्या कागदांचं होतं.

हे घडतं कसं, ते सावकाश बघण्यासारखं आहे. प्रिंटर बसवणारा त्याच्या पडद्यावर हाताने पत्ता टाकतो, समजा १९२.१६८.१.५. राउटरला मात्र हे कोणी सांगितलेलं नसतं. राउटर आलेल्या प्रत्येक यंत्राला आपल्या साठ्यातला एकेक पत्ता देतो आणि त्या साठ्यात ५ हा आकडाही असतो. सकाळी दोन-तीन माणसं असतात तोवर सगळं सुरळीत चालतं. अकरा वाजेपर्यंत सगळे येतात, सगळ्यांचे मोबाइल वाय-फायवर चढतात आणि त्यातल्या एकाला ५ मिळतो. मग पाच पानं पाठवली तर दोन छापून येतात, तीन कुठेतरी हरवतात. प्रिंटर बंद-चालू केला की तो थोडा वेळ आपली जागा परत मिळवतो, त्यामुळे ‘रीस्टार्ट केल्यावर चालतो’ हा समज पक्का होतो. संध्याकाळी माणसं घरी गेली की तो पुन्हा गुणी बाळ.

ओळखायची युक्ती सोपी आहे. प्रिंटरचं बटण बंद करा, वायरही काढा. मग एखाद्या संगणकावर काळी खिडकी उघडून त्या पत्त्याला पिंग करा. प्रिंटर बंद असूनही त्या पत्त्यावरून उत्तर आलं तर तिथे दुसरंच कोणीतरी बसलंय. ते कोण, हेही कळतं. लगेच त्याच खिडकीत एआरपीची, म्हणजे कोणत्या पत्त्यावर कोणतं यंत्र आहे याची, यादी काढली की त्या पत्त्यासमोर बारा अक्षरांचा हार्डवेअर क्रमांक दिसतो. पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात. दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा मोबाइल समजावा, कारण आजचे अँड्रॉइड आणि आयफोन खरा क्रमांक लपवून असा बनावट क्रमांक वापरतात. उत्तर आलं नाही, तरी एवढ्यावरून जागा मोकळी आहे असं ठरवू नये. विंडोजचे बरेच संगणक फायरवॉलच्या भिंतीआडून पिंगला उत्तरच देत नाहीत. एआरपीच्या यादीत मात्र ते सापडतात.

उपाय एकदाच करायचा आहे. राउटरच्या पानावर जाऊन त्याचा साठा १०० ते २०० एवढाच ठेवायचा आणि प्रिंटर, झेरॉक्स मशीन, टॅलीचा संगणक यांना त्याबाहेरचे २०, २१, २२ असे पत्ते द्यायचे. ते एका कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवायचे. मी जिथे जातो तिथे हा कागद आधी शोधतो, आणि नसला की तोच पहिल्यांदा तयार करतो.

पिंगबद्दल एक इशारा द्यायलाच हवा, कारण भलेभले इथे फसतात. समोरून खरं उत्तर आलं तर त्या ओळीत समोरच्याचा पत्ता असतो. कधी कधी मात्र ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं येतं आणि त्या ओळीत पत्ता स्वतःच्याच संगणकाचा असतो. याचा अर्थ, माझ्याच संगणकाने हाका मारल्या आणि त्या पत्त्यावर कोणी ओ दिली नाही. गंमत अशी की खालच्या हिशोबात विंडोज याही ओळी ‘मिळालेली उत्तरं’ म्हणून मोजतं आणि नुकसान शून्य टक्के दाखवतं. तो शून्य बघून लोक निर्धास्त होतात. हिशोबावर जाऊ नये, ओळीतला पत्ता वाचावा.

आणि स्वतःच्या संगणकाचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर पुढे काहीच तपासायला नको. त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, म्हणून त्याने आपल्या मनाने एक घेतलाय. उन्हाळ्यात वीज जाऊन आली की हे हमखास घडतं. सगळी यंत्रं एकदम जागी होतात, राउटरला उभं राहायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर काही जुने प्रिंटर पत्ता मागून थकलेले असतात. म्हणून वीज आल्यावर क्रम पाळावा. आधी इंटरनेटची डबी, मग राउटर, मग स्विच, मग प्रिंटर आणि शेवटी संगणक.

विजेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. टोनर कागदावर भाजून चिकटवणारा त्यातला रोलर तापताना कित्येक शे वॉट ओढतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण साडेतीनशे वॉट पेलतो. प्रिंटर जागा झाला की यूपीएस ओरडतो किंवा झटकन बंद होतो, आणि त्याच यूपीएसवर राउटर असेल तर सगळ्यांचं नेटवर्क जातं. लोक म्हणतात, ‘प्रिंट दिली की इंटरनेट बंद होतं.’ ऐकायला हे विचित्र वाटतं, पण कारण फक्त त्या एका पिनेत असतं.

अर्ध्या खोलीचं कोडं मात्र वेगळं आहे. मागच्या केबिनमध्ये वाय-फाय पोचत नाही म्हणून कोणीतरी नेहरू प्लेसमधून एक राउटर आणतो, पुढून आलेली वायर त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेत लावतो आणि सगळीकडे इंटरनेट आलं म्हणून खूश होतो. इंटरनेट येतं हे खरं, पण आता एका ऑफिसात दोन नेटवर्क झाली. पुढे १९२.१६८.१, मागे १९२.१६८.०. पुढच्या खोलीतल्या माणसाला मागच्या खोलीतला प्रिंटर दिसणं शक्यच नाही, कारण दुसरा राउटर त्याला बाहेरचा समजून दारातूनच परत पाठवतो. मागून पुढे जाता येतं, तेही पत्ता हाताने टाकला तरच. यादीत आपोआप काही दिसत नाही. त्यामुळे साहेब केबिनमधून छापतात आणि बाहेरच्यांना केबिनमधल्या प्रिंटरवर काही छापता येत नाही, असा एकतर्फी कारभार सुरू होतो आणि संशय मात्र सारखा ड्रायव्हरवर. त्या दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ करून टाकायचं. ती सोय त्यात नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता बदलायचा, त्याचं पत्ते वाटणं बंद करायचं आणि वायर वॅनमधून काढून ‘लॅन’च्या खाचेत लावायची. दहा मिनिटांचं काम आहे.

एकाच माणसाचं अडलं असेल तेव्हा मी आधी दोन जागा बघतो. पहिली, नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं गेलंय का. इंटरनेटवाल्याने राउटर बदलला की विंडोजला ते नवंच नेटवर्क वाटतं आणि अनेकदा ते त्याला रेल्वे स्टेशनवरच्या वाय-फायसारखं परकं मानून शेजारच्यांशी बोलणं बंद करतं. ते ‘प्रायव्हेट’ केलं की काम होतं. दुसरी जागा, प्रिंटरचा पोर्ट. विंडोजने आपोआप जोडलेले प्रिंटर बऱ्याचदा डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर असतात आणि तो वरचेवर प्रिंटरला हरवून बसतो. तिथे साधा टीसीपी-आयपी पोर्ट करून प्रिंटरचा ठरलेला पत्ता टाकावा. त्याच पानावरची एसएनएमपी स्टेटसची खूणही काढावी, कारण प्रिंटर व्यवस्थित असूनही ‘ऑफलाइन’ दिसण्यामागे पुष्कळदा तीच असते.

वायरी आणि स्विचचे प्रकार थोडक्यात सांगतो. सगळ्या ऑफिसचं नेटवर्क एकदम ठप्प झालं आणि स्विचचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर झाडूपोछा करताना मोकळं पडलेलं वायरीचं टोक कोणीतरी सद्भावनेने त्याच स्विचमध्ये खोचलेलं असण्याची शक्यता मोठी. वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली की निरोप गोल गोल फिरत राहतात आणि साध्या स्वस्त स्विचला ते थांबवता येत नाहीत. एकेक वायर काढत जा, एका क्षणी दिवे शांत होतील. वायर विकत घेताना टोक ब्लेडने खरवडून बघावं. आतून रुपेरी निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ते लवकर तुटतं आणि पिनेत सैल होतं. आतपर्यंत तांबं असलेली वायर घ्यावी आणि एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी. वाय-फायचं म्हणाल तर बरेचसे स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर बोलतात. हा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावर खुला झाला. नेहरू प्लेससारख्या इमारतीत २.४वर इतकी गर्दी असते की प्रिंटरला वायर लावणं हेच शहाणपणाचं.

आता अशा दुखण्याकडे येतो ज्यात कोणाचीच चूक नसते. काल चालत होतं, रात्री विंडोज अद्ययावत झालं, सकाळी बंद. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई सांभाळणाऱ्या भागात, म्हणजे स्पूलरमध्ये, एक गंभीर भगदाड जगासमोर आलं. ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने ते गाजलं. मायक्रोसॉफ्टने तातडीने दुरुस्ती दिली आणि पुढच्या महिन्यांत नियम कडक होत गेले. सप्टेंबर २०२१च्या दुरुस्तीनंतर एका संगणकावरून दुसऱ्याला वाटून दिलेले प्रिंटर जगभर अडले. पडद्यावर शेवटी ११बी असलेला एरर यायचा. त्या दिवसांत रजिस्ट्रीत एक आकडा शून्य करण्याचा तोडगा हातोहात पसरला. त्याने प्रिंटर चालतो, पण मायक्रोसॉफ्टने जे दार बंद केलं होतं तेच पुन्हा उघडं होतं. आजही अनेक संगणकांत तो शून्य तसाच पडून असतो आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. दोन्ही बाजूंचे संगणक अद्ययावत करावेत, किंवा प्रिंटर थेट नेटवर्कवर घेऊन मधला संगणक वगळावा.

वाटून घेतलेल्या फोल्डरचीही हीच कथा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर थैमान घातलं, ते एसएमबी या जुन्या बोलीच्या पहिल्या आवृत्तीतून. त्याच वर्षाअखेरीपासून विंडोज १०च्या नव्या स्थापनेत ती आवृत्ती बंद येऊ लागली आणि जुन्या झेरॉक्स मशिनांचं ‘स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकणं’ बंद पडलं, कारण त्यांना तेवढी एकच बोली येत होती. २०२४ मध्ये विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीने आणखी पुढचं पाऊल टाकलं. नेटवर्कवर ठेवलेली, पासवर्डशिवाय उघडणारी जुनी डेटापेटी आता सहजासहजी उघडत नाही. अशा वेळी मशीनवाल्याला नवी आवृत्ती टाकायला लावावी किंवा स्कॅन ईमेलवर घ्यावं. जुनी बोली पुन्हा चालू करून देतो म्हणणाऱ्याला मात्र थांबवावं.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगतो त्याला याच शहरातलं कारण आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर खंडणीखोर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, आणि नोंदणीपासून अहवालांपर्यंतचं काम कित्येक दिवस कागदावर करावं लागलं. नंतर सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात कारण सांगितलं ते नेटवर्कची योग्य विभागणी नसल्याचं. एका टोकाला शिरलेल्याला दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी वाट मिळाली, असा त्याचा साधा अर्थ. एवढ्या मोठ्या संस्थेत हे झालं, तर ज्या ऑफिसात टॅलीचा फोल्डर ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ करून ठेवलाय आणि फायरवॉल ‘प्रिंटरसाठी’ बंद आहे, तिथे अशिलांची पॅन कार्डं, आधार आणि बँकेची पानं किती उघडी असतील? एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवणंही बंधनकारक आहे.

टॅलीच्या फोल्डरवर ज्यांना गरज आहे त्यांचीच नावं पासवर्डसकट ठेवावीत. रोजची प्रत अशा डिस्कवर घ्यावी जी काम झालं की काढून कपाटात जाते, कारण कायम जोडलेली डिस्कही हल्ल्यात कुलूपबंद होते. प्रिंटरच्या स्वतःच्या पानाला पासवर्ड द्यावा, तो आल्या दिवशीचाच ठेवू नये. आणि बाहेरून येणाऱ्या अशिलांसाठी, भाड्याच्या मशीनवाल्यासाठी राउटरवर वेगळं ‘गेस्ट’ वाय-फाय चालू करावं. त्यावर इंटरनेट मिळतं, ऑफिसचे संगणक आणि प्रिंटर दिसत नाहीत. पाहुण्याला एखादं पान छापून हवंच असेल तर त्याने ते ईमेल करावं आणि ऑफिसातल्या कोणीतरी छापून द्यावं.